साडेदहाचा दोर

लीला, तू मंगळवारी पहाटे गेलीस. दवाखान्यात, घरची माणसं जवळ असताना. दुपारी पाचपावलीच्या घरून तुला नेलं.

संध्याकाळी डेस्कवर बसून मी बातमी केली. नाव, वय, मागे कोण आहे, आणि ‘वाडी येथील शाळेत शिक्षिका होत्या’. चार ओळी झाल्या. पानावर जागा तेवढीच होती. तू असतीस तर दुसऱ्या दिवशी पेपर हातात घेऊन दारात उभी राहिली असतीस. ‘काहून गा बातमीदार, माह्या सगळ्या नोकरीची एवढीशी पट्टी? तुमच्या इथं बैलजोडी हरवली तर मोठी बातमी येते!’

म्हणून हे वेगळं लिहितो आहे. त्या चार ओळींत जे बसत नव्हतं, तेवढंच.

सुरुवात तुझ्या ऑर्डरपासून करतो, कारण त्या सकाळी मी तिथं होतो. १९७३ चा जून. तुझ्या बाबांची पांजणी चालली होती. पांजणी म्हणजे काय हे तुला सांगायची गरज नाही, वाचणाऱ्यांना आहे. ऊन चढायच्या आत साडीचा ताणा, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे, गल्लीत लांबच लांब पसरायचा, दोन्ही टोकं खुंट्यांना ओढून बांधायची, आणि दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत त्याला खळ लावायची. खळ सुकेपर्यंत हात थांबवायचा नाही. थांबला की धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळा ताणा वाया जातो. त्या वेळात ताणा कोणी ओलांडत नाही. वरून नाही, खालून वाकूनही नाही. दूधवाला सायकल वळवून मागच्या गल्लीनं जायचा. एकदा एका लग्नाची वरात आपल्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली होती. नवरदेव घोड्यावर, बँडवाले घामाघूम, आणि तुझे बाबा कुंचा फिरवताहेत. खळ सुकली तेव्हाच वरात पुढे सरकली. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. आपण पोट्टे असल्यापासून तो पाळत होतो. तो बाहेरच्या जगात चालत नाही, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी तू धावत आलीस ती ताण्याच्या पलीकडच्या बाजूला. अलीकडे तुझं घर, तुझी आई, तुझे बाबा. मधे ताणा.

‘बाबा, मले ऑर्डर आली!’

‘खळ सुकून राहिली. मंग सांग.’

‘वाडीची! शाळेची! मास्तरणीची ऑर्डर हाय, बाबा!’

‘ऐकू आलं वं. तिकडच्या बाजूनं कुंचा घे.’

तू ऑर्डर दातात धरलीस आणि कुंचा उचललास. डी.एड. झालेली, नुकतीच शिक्षिका झालेली मुलगी तोंडात सरकारी कागद धरून, नाकानं हसत, ताण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. समोरून तुझे बाबा चालत होते. ते तुझ्याकडे बघत नव्हते, पण त्या दिवशी त्यांचा कुंचा नेहमीपेक्षा भराभर चालला होता. पांजणी संपली तेव्हा आईनं साखर वाटली. शाळेत रुजू होताना मोठ्या गुरुजींनी ऑर्डर उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, ‘बाई, याच्यावर दात कोणाचे उमटले?’

ढोमणे गुरुजी. वाडीच्या शाळेचे हेडमास्तर. त्यांचं धोतर कडक इस्त्रीचं असायचं आणि हिशेब त्याहून कडक. त्यांनी पहिल्याच दिवशी तुला सांगितलं की तुझी जागा कायमची नाही. दुसरीत मुलं मावेनाशी झाली म्हणून वर्गाची नवी तुकडी काढली आहे, दुसरी ‘ब’. ती तुकडी आहे तोवर तू आहेस. ‘पोरं टिकवा, बाई. पोरं टिकली तर तुम्ही टिकल्या.’

मुलं का मावत नव्हती, हे वाडीत उतरताच दिसायचं. अमरावती रोडला तेव्हा महिन्याला एखादं नवं गोदाम उभं राहत होतं. ट्रान्सपोर्टवाले नागपूर शहरातून तिकडं सरकत होते. त्यांच्यामागे ड्रायव्हर आले, हमाल आले, टायर पंक्चरवाले, ढाबेवाले आले. शेतांच्या कडेला पत्र्याच्या खोल्या भाड्यानं निघाल्या. गावाची शाळा दोन खोल्यांची होती आणि ती गावापुरती होती. आता रोज सकाळी कुणीतरी ट्रकच्या केबिनमधून उतरायचं, सोबत बायको, ट्रंक आणि दोन-तीन पोरं. दुपारी ती पोरं शाळेच्या ओट्यावर.

तू संध्याकाळी गल्लीत यायचीस ती धुळीनं माखून, आणि चप्पल काढायच्या आत बोलायला लागायचीस. ‘आज एक पोट्टा आला रायपूरकडचा, त्याची बोली कोणाले समजत नाही. आन् एक पंजाबची पोट्टी, ते माही वेणी पकडून बसली. मी का शिकवू गा, अन् कोणत्या भाषेत शिकवू?’ हे तू तक्रार म्हणून सांगत नव्हतीस. तुझे डोळे चमकत असायचे. मी तेव्हा पेपरात नवा होतो. दिवसभर मुद्रितं तपासायचो. मला हेवा वाटायचा की तुझ्या कामात रोज काहीतरी घडतं.

वर्गाला खोली नव्हती. एका ट्रान्सपोर्टवाल्यानं त्याचं रिकामं गोदाम वापरायला दिलं. उंच छप्पर, एका कोपऱ्यात मिरचीच्या पोत्यांचा जुना वास, त्यामुळे पहिला आठवडाभर अख्खी दुसरी ‘ब’ शिंकत होती. तू भिंतीवर काळा रंग लावून फळा केलास. शेजारच्या गोदामात माल उतरायचा, त्या गठ्ठ्यांवर गावांची नावं रंगवलेली असायची. तू वर्ग तिकडं नेलास. ‘अ’ कुठं दिसतो? अकोल्यात. ‘र’? रायपुरात. ज्या पोराचं गाव गठ्ठ्यावर सापडेल, त्यानं ते नाव वाचून दाखवायचं आणि ते गाव कसं आहे ते सांगायचं. हमाल काम थांबवून ऐकायचे. एका हमालाचं बोट धरून तू त्याच्याकडूनही अक्षर गिरवून घेतलंस. मी हे ऐकलं तेव्हा म्हटलं, ही बातमी आहे. तू म्हणालीस, ‘बातमी नाही, सोमवार हाय.’

सगळं जमलं होतं. फक्त गोदाम रस्त्याच्या पलीकडे होतं.

शाळा, गाव आणि भाड्याच्या खोल्या अलीकडे. साडेदहाला प्रार्थना व्हायची, मग दुसरी ‘ब’ रस्ता ओलांडून गोदामात जायची. अमरावतीकडून येणारे ट्रक उतारानं येत. तू मुलांना हात धरून थोडी थोडी नेत होतीस. चार नेलीस की परत यायचं. तोवर अलीकडची पोरं एकमेकांना ढकलायची आणि पलीकडची तुझ्यामागे परत यायला निघायची. एक दिवस सुमित्रा नावाच्या मुलीची चप्पल रस्त्याच्या मधोमध राहिली. ती वळली आणि चप्पल घ्यायला परत गेली. ट्रकनं ब्रेक लावला, तो आडवा होता होता सरळ झाला. मुलीला काही झालं नाही. चप्पल चिरडली.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या खोल्यांत पोचली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला दुसरी ‘ब’च्या ओळीत मुलांपेक्षा मोकळी जागा जास्त होती. तू घरोघर गेलीस. सुमित्राच्या आईनं दार अडवून सांगितलं, ‘बाई, शाळा शिकून मोठी होईल का नाही, ते मंगचं पाहू. आधी जित्ती तर राहू द्या.’ तू पुढच्या दाराकडे वळलीस.

शुक्रवारी ढोमणे गुरुजींनी तुला बोलावलं. ते रागावले नव्हते. म्हणाले, ‘सोमवारी पोरं नाही आली तर मी तुकडी मोडतो. उरलेली पोरं ‘अ’मध्ये दाटीवाटीनं बसवतो. बाकीची घरी बसतील. मले हे आवडत नाही, पण पोराच्या अंगावर ट्रक गेला तर मी कोणाले तोंड दाखवू?’ तुकडी मोडली म्हणजे ऑर्डर संपली. तुला हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही.

शनिवारी संध्याकाळी तू तुमच्या ओट्यावर बसली होतीस आणि आपण भांडलो. मी म्हटलं, अर्ज कर. रस्त्याच्या खात्याला कर, पोलिसांना कर, एक शिपाई मागून घे. मी पेपरात बातमी लावतो.

‘लाव. छापून येईल. कोणीतरी कात्रण काढून फाइलीत लावील. आन् सोमवारी?’

‘सोमवारपर्यंत नाही होणार. रीतसर मार्ग आहे, त्याला वेळ लागतो.’

‘तुह्या रीतीनं ही पोट्टी म्हातारी होतील गा.’

तुझे बाबा बाजूला बसून दोर पिळत होते. विणून उरलेल्या सुताच्या टोकांचा ते नेहमी दोर पिळून ठेवायचे. लाल, हिरवा, जांभळा, जो रंग उरेल तो. ताणा ओढायला तो कामी यायचा. ते म्हणाले, ‘मास्तरीण झाली तू, का ट्राफिक पोलिस? हे कोणत्या ऑर्डरीत लिहेल हाय?’

तू बाबांकडे पाहिलंस, मग त्यांच्या हातातल्या दोराकडे. रविवारी सकाळी पांजणी होती. भाजीचा हातठेला ताण्यापाशी येऊन थांबला, भाजीवाल्यानं बिडी पेटवली आणि तो वाट पाहत उभा राहिला. तू त्या भाजीवाल्याकडे बराच वेळ बघत होतीस. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

सोमवारी माझी सुटी होती. तू म्हणालीस, ‘चाल बातमीदार, तुले बातमी पाहिजे ना?’ बसमध्ये तुझ्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत तो दोर. आदल्या संध्याकाळी तू पुन्हा घरोघर गेली होतीस आणि प्रत्येक आईला एकच सांगितलं होतंस: तुम्ही स्वतः या, रस्त्याच्या कडेला उभ्या राहा, पाहा, आणि नाही पटलं तर पोर घेऊन घरी जा. त्या आल्या होत्या. पदर खोचून, पोरांचे दंड घट्ट धरून, रस्त्याकडेला ओळीनं उभ्या होत्या. सुमित्राची आई सगळ्यात पुढे. ढोमणे गुरुजी शाळेच्या फाटकात.

प्रार्थना झाली. तू दोराचं एक टोक माझ्या हातात दिलंस. ‘धर. गल्लीत धरतो तसा.’ आणि मी काही विचारायच्या आत दुसरं टोक घेऊन रस्त्यावर चालायला लागलीस. अमरावती रोडवर, दिवसाढवळ्या, दोन्ही बाजूंनी ट्रक येत असताना, एक बाई रंगीबेरंगी दोर सोडत पलीकडे गेली, गोदामापाशी पोचली, वळली आणि दोर ओढून ताणला. तो छातीच्या उंचीवर आला. रस्त्यावर आडवा.

नागपूरकडून येणारा ट्रक हळू होता, तो थांबला. अमरावतीकडून येणारा उतारावर होता. त्याचा हॉर्न वाजत राहिला. तू हलली नाहीस. दोर सैल केला नाहीस. मी तुझं तोंड बघत होतो, आणि मला सांगायला हवं, त्यावर हिंमत वगैरे काही नव्हतं. गल्लीत पांजणीच्या वेळी जशी उभी राहायचीस तशी उभी होतीस. ताणा पसरला आहे, लोक थांबतात.

ट्रक थांबला. दोरापासून फार लांब नाही. ड्रायव्हर उडी मारून उतरला. करतारसिंग. आपल्याला नाव नंतर कळलं. तेव्हा तो फक्त एक पगडीवाला, लालबुंद झालेला माणूस होता.

‘ओ बहनजी! मरना है क्या? ये क्या बांध रखा है?’

‘ताना है, भाईसाब.’

‘क्या है?’

‘ताना. इसको लांघते नहीं.’

‘किसने बोला नहीं लांघते?’

‘हमारी गल्ली में सबको मालूम है.’

त्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. ट्रकांची रांग लागत होती, कडेला पाट्या घेतलेली पोरं उभी होती. ‘ये तुम्हारी गल्ली है?’

तू म्हणालीस, ‘साडेदस बजे है.’

मधे एक क्षण असा गेला की त्यात काहीही होऊ शकलं असतं. मग त्याच्यामागच्या ट्रकचा क्लीनर फिदीफिदी हसला. करतारसिंगनं वळून त्याला शिवी दिली, आणि शिवी देता देता स्वतःच हसला. त्यानं दोराला हात लावून पाहिला, रंग पाहिले. मग रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात पसरले आणि मागच्या ट्रकांवर ओरडला, ‘रुको ओए! बच्चे जा रहे हैं! बहनजी की गल्ली है!’

सुमित्राच्या आईनं मुलीचा दंड सोडला. सुमित्रानं दोराला हात लावला आणि चालायला लागली. मग सगळी. एक हात दोरावर, एका हातात पाटी, एकामागून एक. पलीकडे पोचलेली पोरं ओरडत होती, अलीकडची आणखी मोठ्यानं ओरडत होती. क्लीनर टाळ्या वाजवत होता. शेवटचं पोर गेल्यावर दुसरी ‘ब’ गोदामात शिरली आणि तू दोर गुंडाळायला लागलीस. गुंडाळत गुंडाळत माझ्यापर्यंत आलीस. तुझं तोंड असं फुललं होतं, जसं ऑर्डर दातात धरून चालताना फुललं होतं.

फाटकातून ढोमणे गुरुजी म्हणाले, ‘बाई, सुटीच्या वेळी परत हेच का?’

‘हाव, गुरुजी.’

‘मंग दुसरं टोक मी धरतो. हा बातमीदार रोज थोडी येईल.’

करतारसिंगनं ढाब्यावर ही गोष्ट सांगितली. ढाब्यावरून ती पुढे गेली, मूर्तिजापूरपर्यंत, अकोल्यापर्यंत. नवा ड्रायव्हर वाडीतून जायचा तेव्हा जुने त्याला सांगायचे: साडेदहाला आणि सुटीच्या वेळी एक दोर येतो, त्याच्या आधी निघ, नाहीतर चहा पी. तुकडी राहिली. पुढच्या वर्षी दुसरी ‘क’ निघाली. तू कायम झालीस. शाळेला नव्या खोल्या मिळाल्या तेव्हा जागा पलीकडेच मिळाली, म्हणून दोर चालू राहिला. तो झिजला की तुझे बाबा नवा पिळून द्यायचे. ते गेल्यावर तू पिळायला लागलीस, वर्गातल्या पोरांना घेऊन. नव्या शिक्षिका यायच्या तेव्हा त्यांना हजेरीपुस्तकाच्या आधी दोर धरायला शिकवायचीस.

आपलं भांडण मात्र संपलं नाही. मी दरवर्षी विचारायचो: तो ट्रक थांबेल हे तुला माहीत होतं का? मला नेमकं उत्तर हवं होतं. अंदाज होता, की खात्री होती, की काहीच विचार केला नव्हता? तू दर वेळी म्हणायचीस, ‘थांबला ना?’ मी म्हणायचो, ते उत्तर नाही. गल्लीतला नियम हायवेवर चालतो असं समजणं ही चूक होती. चूक ठरली नाही, पण चूकच होती. तू म्हणायचीस, ‘असंन. मंग तू काहून नाही सोडला दोर? तुले तर सगळी अक्कल होती.’ यावर मी विषय बदलायचो.

सोमवारी शाळेतून आल्यावर तुला दवाखान्यात न्यावं लागलं, तिथंही रात्री तू हेच विचारलंस. आवाज खोल गेला होता, पण टोमणा तोच. ‘सांग ना गा. सोडला असता का?’ मी म्हटलं, बरी हो, मग सांगतो. आता सांगतो. तू म्हणालीस गल्लीत धरतो तसा धर, म्हणून मी टोक मनगटाला दोन वेढे देऊन धरलं होतं. तसंच धरतात. सोडायचं ठरवलं असतं तरी तो सुटला नसता. ट्रक दोरावर आला असता तर तुझ्यासोबत मीही गेलो असतो. हे मला ट्रक थांबल्यावर कळलं. तुला सांगितलं नाही, कारण तू हसली असतीस आणि म्हणाली असतीस की मग चूक दोघांची. तसं होतं. आणि आयुष्यात इतकी चांगली चूक मी दुसरी केलेली नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्यासोबत गेलं. त्याला दुजोरा मिळण्याची आता शक्यता नाही.

मंगळवारी आणि बुधवारी शाळा बंद होती. गुरुवारी मी वाडीला गेलो. ढोमणे गुरुजी निवृत्त झालेत, पण आले होते, फाटकात खुर्ची टाकून बसले होते. दोर ऑफिसातल्या खिळ्यावर होता. तो काढून आणला तुमच्याकडच्या सगळ्यात नव्या शिक्षिकेनं. ती जूनमध्ये रुजू झाली आहे, ऑर्डर तात्पुरती. आजवर तिनं दोर धरला होता तो फक्त अलीकडच्या बाजूनं. पलीकडे जायचं काम तुझं होतं.

तिनं मला विचारलं, ‘काका, बाई नाहीत. आज थांबतील ना हो?’

मी म्हटलं, ‘मला माहीत नाही.’

गुरुजींनी हात पुढे केला. तिनं एक टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते मनगटाला गुंडाळलं. साडेदहा वाजता ती दुसरं टोक घेऊन रस्त्यावर उतरली.

नागपूरकडून येणारा ट्रक थांबला. अमरावतीकडून येणारा थांबला. मुलं दोराला धरून पलीकडे गेली.